कॉम्प्युटरमधले पाहुणे

एका सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर एक अनोळखी म्हैस उभी होती.

आदल्या दिवशीपर्यंत तिथे आमच्या विहाराचा फोटो होता, गेल्या वैशाख पौर्णिमेला मीच काढलेला आणि मीच लावलेला. बटण दाबलं, स्क्रीन उजळली, आणि विहाराच्या जागी म्हैस. शिंगांना तेल, कपाळाला कुंकू, तब्येत माझ्यापेक्षा चांगली. ती सरळ माझ्याकडे बघत होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्याकडे बघत बसले.

तेव्हा मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होते. सरकारी भाषेत एएनएम, गावांच्या भाषेत सिस्टर. उपकेंद्र नेमकं कुठलं ते सांगत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. कॉम्प्युटर मुलीसाठी घेतला होता. ती शिकायला नागपूरला गेली आणि कॉम्प्युटर माझ्या पदरी पडला. आधी मी त्याच्यावरची धूळ तेवढी पुसायचे. मग हळूहळू टाइप करायला शिकले, रिपोर्ट करू लागले, आणि एक दिवस असा आला की मला त्याच्याशिवाय करमेना.

दोन हजार पंधरा-सोळाचा तो काळ. स्क्रीनच्या कोपऱ्यात काही महिने एक चौकोन येऊन बसत होता: नवी सिस्टिम तयार आहे, फुकट आहे, घ्या. मी रोज त्याला हाकलायचे, तो रोज परत यायचा. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी एवढा आग्रह कुणी करत असेल तर आपण सावध व्हायला पाहिजे, एवढी अक्कल मला होती. पण एके दुपारी लसीकरण आटोपून दमून आले आणि त्याला हाकलण्याच्या नादात नेमकं नको ते बटण दाबलं. झालं. निळा पडदा आला, मधोमध ठिपके गोल गोल फिरू लागले. ते तिसऱ्या दिवशीही फिरतच होते. शेवटी मी कॉम्प्युटरचा डबा जुन्या साडीत गुंडाळून स्कूटीवर पायाशी ठेवला आणि सौंदडला, स्टेशनच्या अलीकडे एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बसायचा, त्याच्याकडे नेऊन टाकला. आमच्या भागात ज्याच्या घरी कॉम्प्युटर, तो त्याच्याकडेच जायचा. दुसरा पर्यायच नव्हता.

चार दिवसांनी डबा परत आला. नवी सिस्टिम बसली होती. प्रिंटरला मात्र ती ओळख दाखवेना, सहा वर्षं एकत्र राहिलेल्या प्रिंटरला! बाकी सगळं चकाचक. मुलीला फोनवर कौतुकाने सांगितलं, तर ती भलतीच गंभीर झाली.

"आई, सुरुवातीला त्यानं प्रश्न विचारले असतील. माहिती गोळा करू का, तुमचं ठिकाण पाहू का, आवाज ऐकू का. ती बटणं बंद केली का?"

"ते सगळं दुकानदारानं केलं."

"म्हणजे सगळी चालू ठेवून 'पुढे चला' दाबलं. आता ती सिस्टिम तुझं सगळं बघते. काय लिहितेस, काय शोधतेस, सगळं."

"बघून करणार काय?"

"तिकडं साठवून ठेवते."

तिकडं म्हणजे कुठं, हे तिलाही नीट सांगता येईना. मला भीती वाटली नाही, खरं सांगते; मला कुतूहल वाटलं. समुद्रापलीकडे कुणीतरी माणूस बसला आहे आणि झाडीपट्टीतली एक सिस्टर धनुर्वाताच्या लसीचा रिपोर्ट कसा लिहिते ते बघतो आहे, हे चित्र मला भारी गमतीचं वाटलं. तरी मुलीच्या समाधानासाठी मी तिने सांगितली ती बटणं एकेक करून बंद केली. तिच्याशी बोलायला बसवलेला छोटा कॅमेरा होता, त्याच्या डोळ्यावर बँडेजची पांढरी चिकटपट्टी लावली. एवढं करूनही पुढचे दोन दिवस मी कॉम्प्युटरपुढे बसताना पदर सारखा करूनच बसत होते.

आणि मग म्हैस आली.

मी ती काढून विहार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत म्हैस. पुन्हा विहार लावलं. संध्याकाळी डोंगल जोडला, इंटरनेट सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत विहार गेलं, म्हैस आली. असं पाच-सहा दिवस चाललं. मला राग यायच्या ऐवजी मजा वाटू लागली. उपकेंद्रातून घरी येताना वाटेत मनात यायचं, आज कोण असेल?

एका रविवारी मी ठरवलं, या म्हशीचं घर शोधायचं. फोटो मोठा करून बघितला. म्हैस अंगणात उभी होती. मागे निळी भिंत, निळं दार. आणि दाराच्या चौकटीशेजारी खडूने काढलेली एक खूण: इंग्रजी पी, त्याखाली घराचा नंबर, बाजूला बाण. मी खुर्चीतून उठलेच. पोलिओच्या फेरीत घरोघरी डोस पाजल्यावर आम्ही दारावर अशी खूण करतो. घरातली सगळी पोरं झाली तर पी. आणि त्या पीचं पोट असं फुगलेलं, शेपूट डावीकडे वळलेली. असा पी सबंध तालुक्यात एकच बाई काढते. मीच.

नंबरावरून रजिस्टर काढलं. घर नवेगाव बांधचं निघालं. महिन्याभरापूर्वीच मी त्या दारात उभी होते. म्हैस तेव्हा नव्हती, नाहीतर मी विसरले नसते.

मी लगेच तिथे गेले. ते एका शेतकऱ्याचं घर होतं, सातआठ एकर धानाचं. अंगणात म्हशीची मालकीण आजी धान पाखडत बसली होती. मी कॉम्प्युटरचं विचारल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"बरं झालं आलीस, बाई. तूच सांग आता. आमच्या टीव्हीत रोज विहार कोण आणून ठेवते?"

"कुठल्या टीव्हीत, आजी?"

"त्या पोराच्या. ते कॉम्प्युटर का काय. पोरगा नवीन म्हशीचा फोटो लावून ठेवते. सकाळी पायलं का विहार. मी म्हटलं, राहू दे बाप्पा, देवाधर्माचंच हाये, काढू नको. तो आयकत नाही, अन् परत म्हैस लावते."

तिचा पोरगा म्हणजे चाळिशीचा गृहस्थ. तो ओशाळला. मी सांगितलं की ते विहार माझं आहे आणि तुमची म्हैस माझ्याकडे राहते आहे. आजी पोट धरून हसली. मीही हसले. कसं होतं हे, ते आम्हा कुणालाच कळेना. तो म्हणाला, बघा तुम्हीच, आणि त्याने कॉम्प्युटर सुरू करून मला खुर्ची दिली. स्क्रीनवर माझं विहार होतं. त्याखाली फोल्डरचं एक पिवळं पाकीट होतं, माझ्याकडेही नवंच आलेलं आणि मी कधी न उघडलेलं; त्याने ते सहज उघडलं. आत कुणाच्या तरी मुलीचा लग्नाचा बायोडाटा, कुणाचा उसाच्या रसाच्या गाडीसाठी बँकेत केलेला अर्ज, कुणाच्या बारशाचे फोटो.

आणि माझी यादी.

माझं हसू तिथेच थांबलं. आता यादीबद्दल सांगायला हवं, कारण खरा जीव तिच्यात अडकला होता.

सरकारी रजिस्टर उपकेंद्राच्या कपाटात असतं, त्याला कुलूप असतं. पाळणा लांबवायला कुणी तांबी बसवली, कुणी गोळ्या नेल्या, सगळं त्यात असतं. पण त्यात शेऱ्याचा रकाना नसतो. आणि आमच्या कामात शेराच महत्त्वाचा. म्हणून मी माझी वेगळी यादी केली होती. एकतीस बाया. पहिल्या रकान्यात नाव, मग गाव, मग काय दिलं, पुढची तारीख, आणि शेवटी शेरा. 'सासूला माहीत नाही.' 'फोन नवऱ्याजवळ असतो, करू नये.' 'घरी जाऊ नये, फक्त बाजारात.' या बायांच्या दारात मी तांबीचं नाव काढायला कधीच गेले नाही. बाजाराच्या दिवशी मी वांगी निवडत उभी राहायचे. यादीतली बाई शेजारी येऊन वांगी निवडू लागायची. मी वांग्याकडे बघून म्हणायचे, पंधरा तारखेला ये. ती पिशवी उचलून चालू लागायची. कुणाच्या बापाला पत्ता लागत नसे. वीस वर्षं मी अशीच नोकरी केली आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही, याचा मला चांगलाच तोरा होता.

तीच यादी नवेगाव बांधच्या एका घरात, म्हशीच्या शेजारी पडली होती.

"हे उघडून पाहिलं का कुणी?" मी जमेल तेवढ्या सहज विचारलं.

"नाही जी. आमी फक्त गाणे ऐकतो. हे पाकीट आपोआपच येते. मले वाटलं कंपनीच देते."

त्याच्यावर माझा विश्वास बसला. तरी पाणीही न घेता मी स्कूटी काढली आणि तशीच सौंदड गाठलं. वाटेत एकच विचार: आणखी किती घरांत?

दुकानदार एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसला होता. मूळ गोंदियाचा, त्यामुळे निम्मं हिंदीच बोलायचा. मी विचारलं, भाऊ, माझी माहिती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कशी जाते? तो जरासुद्धा दचकला नाही.

"मॅडम, नवीन सिस्टिम ईमेल मांगते. आता इथं कोणाजवळ ईमेल हाये? आन असला तर पासवर्ड याद राहते का? लोक दुसऱ्या दिवशी परत येते, भाऊ, खुलून नाही राहिला. मग मी सगळ्यांचे माझ्याच ईमेलनं चालू करून देल्ले. एक ईमेल, एक पासवर्ड, सगळ्यांच्या फायली एकाच पाकिटात. कोणी विसरला का मला फोन. खतम."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे. फुकट सर्व्हिस समझो."

त्याच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान होतं, आणि मला त्याच्यावर धड ओरडताही येईना. कारण आमच्याकडे हे असंच चालतं. शेतावर जाताना घराची किल्ली शेजारणीकडे, रेशनकार्ड दुकानदाराकडे, बँकेचं पुस्तक पतसंस्थेतल्या ओळखीच्याकडे. माणूस भरवशाचा असला की झालं. त्याने तेच केलं होतं. फक्त आमच्या घरांच्या किल्ल्या त्याने नुसत्या सांभाळल्या नव्हत्या, सगळी दारंच एकमेकांत उघडून दिली होती. आणि मी इकडे समुद्रापलीकडच्या माणसाच्या धास्तीने कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावत होते! त्या माणसाला माझ्या यादीतली बाई कळली काय, न कळली काय. तो काही तिच्या सासूला जाऊन सांगणार नव्हता.

मग मला एक आशेचा धागा दिसला. यादी मी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती. तो फॉन्ट नसला की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो, वाचायची सोय नाही. मी विचारलं, भाऊ, तो फॉन्ट सगळ्यांकडे नसेल ना?

"डाला ना!" तो आनंदाने म्हणाला. "सगळ्यांच्यात डाला. मराठी नाही दिसली त लोक गाली देते."

धागा तुटला. मी म्हटलं, कुणाकुणाचे कॉम्प्युटर केले ते सांगा. त्याने वही काढली आणि गावं, आडनावं वाचू लागला. केशोरीचे दोन, नवेगावचे चार, एक किराणावाला, एक गुरुजी. मी प्रत्येक नावाला मनातल्या मनात यादी तपासत होते. हे घर नाही. हेही नाही. सतराव्या नावाला मी त्याला थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

यादीतलं घर. गाव सांगत नाही. त्या घरात दोन सुना होत्या, आणि दोघीही माझ्या यादीत होत्या. धाकटीला दोन मुली. सासूला नातू हवा होता. दुसऱ्या मुलीनंतर धाकटीने माझ्याकडून गुपचूप तांबी बसवून घेतली, आणि सासू तिला दिवस राहावेत म्हणून गावोगावच्या वैद्यांकडे फिरवत होती. या वर्षी काही झालं नाही तर हिला माहेरी पोचवून द्यायचं, असं त्या घरात उघड बोललं जात होतं. थोरलीला एक मुलगा होता, तर सासूला त्याला जोडी हवी होती. थोरली माझ्याकडून गोळ्या नेत होती आणि तांदळाच्या डब्यात लपवत होती. धाकटीचं थोरलीला माहीत नव्हतं, थोरलीचं धाकटीला नाही. आणि दोघींच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने शेरा लिहून ठेवला होता: सासूला माहीत नाही. सासूला वाचता येत नसलं तरी सासऱ्याला येत होतं, दोघींच्या नवऱ्यांना येत होतं.

"हे सगळीकडून पुसता येईल का?"

"एका बटनात. इथून काढलं का सगळ्यांच्यातून जाते."

"मग खुर्ची मला द्या आणि तुम्ही तोंड फिरवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरच्या आवाजात बोलले होते, ज्या आवाजापुढे भलेभले बाही वर करतात. तो मुकाट्याने उठला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला. मी पाकीट उघडलं. यादीवर बाण नेला. आता नुसतं पुसायचं होतं, पण मला राहवेना. खरंच तीच आहे ना, एकदा बघू, म्हणून मी ती उघडली.

तीच होती. सगळे रकाने जागच्या जागी होते. काय दिलं, पुढची तारीख, शेरा, सगळं. फक्त पहिल्या दोन रकान्यांत एकही नाव नव्हतं, एकही गाव नव्हतं. नावांच्या जागी आकडे होते. एक, दोन, तीन, चार, थेट एकतीसपर्यंत, नीट एकाखाली एक.

मी बघतच राहिले. हे मी केलं नव्हतं. शेवटचा बदल कुणी केला तेही खाली दिसत होतं, आणि तिथे दुकानदाराचं नाव होतं.

"भाऊ, तुम्ही माझी यादी उघडली?"

"मी?" तो कॅलेंडरकडे बघतच ओरडला. "मॅडम, माझ्याजवळ टाइम कुठं हाये? आन सगळ्यांच्यात माझंच नाव दिसन. ईमेल माझा हाये न!"

खरंच होतं. त्या पाकिटात सतरा-अठरा घरांनी केलेलं सगळं त्या एकट्याच्या नावावर जमा होत होतं. कुणीतरी, कुठल्यातरी घरात बसून, माझी यादी वरपासून खालपर्यंत वाचली होती. वाचून बोभाटा केला नव्हता. एकतीस नावं आणि एकतीस गावं एकेक करून पुसली होती, आणि मला लागणाऱ्या तारखांना हात लावला नव्हता. मी तारखा कागदावर उतरवून घेतल्या आणि यादी सगळीकडून पुसली. मग त्याला पुढ्यात बसवून सगळ्या घरांचे वेगवेगळे ईमेल करायला लावले. त्याला पंधरा दिवस लागले. मी मध्ये दोनदा जाऊन उभी राहिले.

त्या दिवसांत माझं डोकं दुसऱ्या कशात लागेना. कोण असेल? भीती होतीच. त्या घरासमोरून जाताना मी स्कूटी हळू करायचे, ओसरीवर सासू दिसते का, कशी दिसते, बघायचे. पण भीतीपेक्षा कुतूहल जास्त होतं, हे कबूल करते. गुरुजींकडे गेले, किराणावाल्याकडे गेले, काहीतरी निमित्त काढून कॉम्प्युटरचं बोलले. लोकांच्या तोंडाकडे बघत बसायचे. कुणाच्याही तोंडावर काही नव्हतं. घरी येऊन एकदा सहज मनाशी म्हणून पाहिलं: एक नंबर कोण, दोन नंबर कोण. एकतिसाव्या बाईपर्यंत कुठेही अडखळले नाही. म्हणजे नावं लिहायची मला गरजच नव्हती. तरी लिहिली, कारण सरकारी फॉर्मात पहिला रकाना नावाचा असतो आणि हाताला तीच सवय. वीस वर्षांचा तोरा त्या दिवशी उतरला. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी नेहमीच्या जागी वांगी निवडत उभी होते. धाकटी सून आली. शेजारी उभी राहिली, एक वांगं उचललं, देठ पाहिलं.

"सिस्टर, मी सात नंबर," ती म्हणाली.

माझ्या हातातलं वांगं टोपलीत पडलं. मी तिच्याकडे बघितलंच, बघायचं नाही हा नियम असून.

"तू पुसलीस?"

"मंग कोण पुसणार? आमच्या घरी कॉम्प्युटर मलेच येते. बाकीचे त्याच्यावर पिक्चर पायतात." तिने दुसरं वांगं उचललं. "नाव कायले लिहिता जी? तारीख लिहा न."

चुकलं माझं, मी म्हटलं. तिने ते ऐकून घेतलं, नाही म्हटलं नाही.

"मग सगळ्यांची काऊन पुसलीस? तुझं एकटीचं पुसलं असतं तरी तू सुटली असतीस."

"त्या बाकीच्याइले घर नाही का, सिस्टर?"

ती वांगी पिशवीत टाकत राहिली. मग आवाज आणखी खाली घेऊन म्हणाली, "जाऊबाई पण हाये त्याच्यात. बारा नंबर."

"वाचलंस?"

"वाचलं. आमी दोघी एका चुलीवर रांधतो, सिस्टर. एका खोलीत धान निवडतो. तीन वर्ष झाले. सासूनं मले वैद्याकडं नेलं का त्या म्हणत, जा बाई, येईल गुण. मले वाटे, याइले मजा येऊन राहिली." तिचे डोळे भरून आले होते, पण हात वांग्यांवरच होते. "त्याइले सांगू नका जी, का मले माहीत हाये."

"अगं, सांगितलं तर दोघींना आधार होईल."

"त्याइनं मले सांगतलं नाही. त्याइले सांगावं वाटलं त त्या सांगतील. मी चोरून वाचलं, आन मग कायचा आधार?"

एवढं बोलून ती बांगड्यांच्या दुकानाकडे गेली. थोड्या वेळाने थोरली आली, तशीच शेजारी उभी राहिली, तशीच वांगी निवडू लागली. मी टोपलीकडे बघून तिला गोळ्यांची तारीख सांगितली. ती पिशवी उचलून निघाली. लांबून मी पाहिलं, धाकटी तिच्यासाठी थांबली होती. थोरलीची जड पिशवी तिने आपल्या हातात घेतली, आणि दोघी एकाच काळी-पिवळी जीपमध्ये बसून गेल्या.

मी निवृत्त होईपर्यंत दोघींना वेगवेगळ्या तारखा देत राहिले, आणि थोरलीला कधी कळू दिलं नाही की धाकटीला सगळं माहीत आहे. ही एक गोष्ट मी कुठल्याच यादीत लिहिली नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि नाव कुणाचंच लिहीत नाही.